पती वारले, महिना ८,००० रुपये पगार आणि महागाई : सरकारकडून काय मिळू शकते, आणि सुरुवात कुठून करावी?

ताई, तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा समजलो. दोन वर्षांपूर्वी पती वारले, ते एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. आता तुम्ही नगरपालिकेच्या गावात भाड्याच्या खोलीत राहता, कापडाच्या दुकानात महिना ८,००० रुपयांवर काम करता, मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत आहे, ६७ वर्षांच्या सासूबाई सोबत आहेत आणि शिधापत्रिका केशरी आहे. भाडे, किराणा आणि शाळेचा खर्च भागत नाही, तेव्हा शासनाच्या कोणत्या योजनांचा आधार मिळेल, असे तुम्ही विचारले आहे.

मी महाराष्ट्रातील एका तहसील कार्यालयात आधी पुरवठा शाखेत आणि नंतर संजय गांधी योजनेच्या शाखेत, म्हणजे ज्याला आम्ही ‘संगायो’ म्हणतो तिथे, बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो. त्या टेबलाच्या आतल्या बाजूने जे दिसले त्यावरून लिहितो. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, ती ऐकायला कडू आहे : आपल्याकडच्या बहुतेक योजनांतील रक्कम आणि उत्पन्नाची मर्यादा महागाईशी जोडलेली नाही. मला नोकरीत असताना वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची वाढ मिळे आणि निवृत्तिवेतनावरही ती मिळते. पण ज्या निराधार बायकांची प्रकरणे मी हाताळत होतो त्यांचे अनुदान वर्षानुवर्षे ६०० रुपयेच होते, ते पुढे १,००० झाले आणि २०२३ मध्ये १,५००. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील ६० ते ७९ वर्षांच्या व्यक्तीसाठीचा २०० रुपयांचा वाटा तर २००७ पासून तसाच राहिला. म्हणून माझा सल्ला असा की, जे वस्तूच्या किंवा सेवेच्या रूपात मिळते (धान्य, उपचार, फी, गॅस) ते आधी पदरात पाडून घ्यावे, कारण बाजारभाव कितीही चढला तरी पाच किलो गहू-तांदूळ हे पाच किलोच राहतात. रोख रकमेमागे त्यानंतर लागावे. तुमच्या बाबतीत याला एकच मोठा अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

शिधापत्रिकेपासून सुरुवात करू. केशरी कार्ड म्हणजे धान्य मिळणारच असे नाही. १९९९ पासून आपल्याकडे पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आहेत आणि केशरीची मर्यादा वार्षिक १ लाख रुपये आहे; परंतु अन्न सुरक्षा कायद्याखालील धान्य फक्त त्याच केशरी कार्डावर मिळते ज्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे. तुमच्या कार्डाचे आतले पान उघडून तो शिक्का आहे का ते पाहा. असेल, तर चौघांचे मिळून महिन्याला २० किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. नसेल, तर अडचण आहे, कारण नव्याने शिक्का मिळण्यासाठी शहरी भागात वार्षिक उत्पन्न ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपयांच्या आत असावे लागते आणि तुमचे ९६,००० होते. भाडे भरून चार माणसे ८,००० रुपयांत जगवणारी बाई या हिशेबाने गरीब ठरत नाही, हे मला आत बसून कधी पटले नाही आणि बाहेर येऊनही पटलेले नाही. त्यातही प्रत्येक तालुक्याला लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे कमाल संख्या, ठरवून दिलेला असतो. तो भरलेला असला की पात्र माणसालाही थांबावे लागते.

शिक्का असो वा नसो, कार्डावरून पतीचे नाव कमी करून घ्या, कुटुंबप्रमुख म्हणून घरातील स्त्रीचे नाव लावून घ्या आणि चौघांचीही ई-केवायसी रेशन दुकानातील ई-पॉस मशीनवर अंगठा देऊन पूर्ण करा. अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख, हे कायद्यातच आहे, त्यामुळे तुमच्या घरी ते नाव बहुधा सासूबाईंचे लागेल. त्याने काही बिघडत नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला याच कार्डाची झेरॉक्स लागते, आणि मयत माणसाचे नाव तसेच राहिलेले कार्ड जोडले की प्रकरण त्रुटीत निघते, म्हणजे कागदांत चूक आहे म्हणून अडते.

आता तो अपवाद. वडील हयात नसलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे आणि तीत प्रत्येक मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. दोन मुलांचे ४,५०० होतात, म्हणजे तुमच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक. माझ्याकडे संगायोच्या टेबलाशी येणाऱ्या दहा विधवा बायकांपैकी आठ-नऊ जणींनी या योजनेचे नावही ऐकलेले नसे, कारण ती तहसीलची नाही, महिला व बाल विकास विभागाची आहे, आणि एका खात्याच्या खिडकीत दुसऱ्या खात्याची माहिती देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्या कार्यालयात, म्हणजे तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यावा लागतो. पतीचा मृत्यू दाखला, मुलांचे बोनाफाईड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँक खाते आणि मुलांसह तुमचा घरासमोर काढलेला फोटो, असे कागद लागतात. फोटोची अट चमत्कारिक वाटेल, पण ती असतेच, तेव्हा भाड्याच्या खोलीसमोर उभे राहून खुशाल काढा. नंतर गृहचौकशी होते आणि बाल कल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडेल, तरी तो दिवस वाया जात नाही.

याच कार्यालयात केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाबद्दलही, म्हणजे गरजू मुलांसाठीच्या मासिक मदतीबद्दलही, विचारा. त्यात मुलामागे महिन्याला ४,००० रुपये आहेत आणि उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागासाठी ७२,००० व इतरत्र ९६,००० आहे. तुमचे उत्पन्न बरोबर त्या रेषेवर बसते. दोन्ही लाभ एकत्र मिळत नाहीत आणि प्रायोजकत्वाची प्रकरणे निधी असेल तितकीच मंजूर होतात, म्हणून कोणते आधी पुढे सरकेल ते तिथेच समजून घ्या.

रेषेवर बसते म्हणूनच उत्पन्नाच्या दाखल्याकडे नीट लक्ष द्यायला सांगतो. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार संकेतस्थळावर अर्ज केला की तलाठ्याचा अहवाल, जबाब आणि त्यावरून आकडा, असा तो दाखला तयार होतो. पुरावा जोडलेला नसेल तर आकडा अंदाजाने पडतो, आणि अंदाजाने पडणारे आकडे नेहमी गोल असतात. ९६,००० चे ‘एक लाख’ करताना लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, पण त्या चार हजारांनी माणसाची योजना जाते. माझ्या टेबलावर एका बाईचा दाखला असाच आला होता. घरकामाची खरी मिळकत कुणी विचारलीच नव्हती, शेजारणीच्या दाखल्यावरचा आकडा उचलला होता. तेव्हा दुकानमालकाकडून पगाराचे साधे पत्र घ्या, पगार खात्यावर जमा होत असेल तर पासबुकाची सहा महिन्यांची नोंद जोडा, आणि दाखला हातात पडल्यावर खिडकीतून हलण्याआधी आकडा वाचा. खोटा आकडा लिहून घेऊ नका. खराच लिहून घ्या, पण अचूक. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे आणि या दाखल्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा.

संजय गांधी निराधार योजनेबद्दल तुम्हाला कुणी ना कुणी सांगितले असेलच. ती विधवांसाठी आहे हे खरे, पण तिची कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. पगारपत्र हातात असताना तुम्ही त्यात बसत नाही आणि त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सासूबाईंसाठी मात्र ६५ वर्षांवरील व्यक्तींची श्रावणबाळ योजना आहे, रक्कम महिना १,५०० रुपये. मर्यादा तीच २१,००० असली तरी अर्ज त्यांच्या स्वतःच्या नावाने, त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या कागदांसह तहसीलच्या संगायो शाखेत द्यावा. त्यांना कमावता मुलगा उरलेला नाही ही वस्तुस्थिती अर्जात स्पष्ट लिहावी आणि मुलाचा मृत्यू दाखला जोडावा. अर्ज मंजूर करणाऱ्या समितीपुढे तोच मुद्दा वजनाचा असतो. महाराष्ट्रातील १५ वर्षांचा रहिवास आणि वयाचा पुरावा लागतो. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला की अनुदान मुकाट्याने थांबते.

लाडकी बहीण योजनेचे नवे अर्ज १५ ऑक्टोबर २०२४ नंतर घेणे थांबले. तुम्ही तेव्हा अर्ज भरला असेल तर १,५०० रुपये चालू असतील. त्यातही ई-केवायसी झाली आहे का ते पाहा, कारण पती हयात नसलेल्या बायकांची प्रकरणे तिथेच अडकली. अंगणवाडी सेविकेकडे मृत्यू दाखला घेऊन जा. लाडकी बहीण योजनेच्या यादीत नाव असेल, किंवा उज्ज्वलाची जोडणी असेल, तर अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडरची भरपाई मिळते, पण गॅस जोडणी बाईच्या नावावर हवी. जोडणी अजून पतीच्या नावावर असेल तर आधी एजन्सीत जाऊन ती तुमच्या नावावर करून घ्या.

आजारपणासाठी वेगळे पैसे बाजूला काढणे तुम्हाला शक्य नाही, हे उघड आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि केशरी कार्डावर ते मिळतात. रुग्णालयात शिरल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीऐवजी आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाचा, टेबल शोधावा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. मुलीच्या बाबतीत आतापासून लक्षात ठेवा की, व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींची शिक्षण व परीक्षा फी २०२४-२५ पासून शासन भरते, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटांसाठी. लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींना आहे, ती तुमच्यासाठी नाही. एसटीचे अर्धे तिकीट तुम्ही वापरत असालच.

शेवटचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो कल्याणकारी योजनेचा नाही, तुमच्या पतीच्या कमाईचा आहे आणि बहुतेक घरांत तो राहून जातो. वर्कशॉपमध्ये त्यांचा पीएफ कापला जात होता का? जुनी पगारपावती किंवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायम क्रमांक, शोधा. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला किमान १,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन आणि दोन मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत वेगळे निवृत्तिवेतन मिळते. शिवाय पीएफसोबतच असणाऱ्या ठेव-संलग्न विम्याची रक्कम असते, जी ७ लाखांपर्यंत जाऊ शकते. हे निवृत्तिवेतन तुमच्या उत्पन्नात धरले जाईल आणि मघाची ९६,००० ची रेषा ओलांडली जाईल, हे लपवत नाही. तरीही मी हेच आधी घ्या म्हणेन, कारण प्रायोजकत्व निधीवर अवलंबून आहे आणि हे नाही.

त्याचबरोबर पतीच्या बँक पासबुकातील मे-जून महिन्यांच्या नोंदी बारकाईने पाहा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती जीवनज्योती विम्याची वर्गणी आहे आणि वारसाला २ लाख मिळतात. २० रुपये दिसले तर तो अपघाती मृत्यूचा विमा. दोन वर्षे झाली म्हणून परस्पर नाही समजू नका, शाखेत लेखी दावा द्या आणि पोच घ्या.

आणि हे सगळे पैसे ज्या खात्यात यायचे ते खाते कोणते, हे आजच तपासा. ‘खात्याला आधार जोडले आहे’ एवढे पुरत नाही; थेट लाभाची रक्कम ज्या खात्याशी आधारचे सीडिंग (थेट लाभासाठीची जोडणी) शेवटचे झाले त्याच खात्यात जाते. एका आजीबाईंचे अनुदान सात महिने बंद आहे म्हणून त्या माझ्यासमोर रडल्या होत्या. बचत गटाच्या कर्जासाठी त्यांनी दुसऱ्याच बँकेत अंगठा दिला होता, ते खाते त्या विसरून गेल्या होत्या आणि सातही हप्ते तिथे पडून होते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहता येते, मोबाइलवर जमत नसेल तर मुलीला सांगा, सातवीतली मुलगी दोन मिनिटांत काढून देईल.