नाशिकमध्ये बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदवी सोडून डिजिटल कोर्स करू का?

पदवी सोडू नका. बँकेच्या परीक्षा, एमबीए, सगळीकडे ती लागतेच. पण नुसत्या पदवीवर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अकाउंटचं काम मिळेल या भ्रमातही राहू नका. २०१७ पासून जीएसटीचं रिटर्न, नंतर आलेलं ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना), ई-इन्व्हॉइस (ऑनलाइन नोंदवलेलं विक्रीबिल) हे सगळं पोर्टलवरच. टॅली आणि एक्सेल (पिव्होट टेबलसकट) हात बसेपर्यंत करा.

माझ्या मते नाशिककरांनी आणखी एक वाट बघावी. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची नोंद अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर होते: बागेची नोंदणी, रेसिड्यूचा (फळात उरलेल्या औषधांच्या अंशाचा) अहवाल, पॅकहाऊस (माल निवडून पॅक करण्याची जागा), कंटेनर. हे काम करायला माल कळणारा आणि कॉम्प्युटरही कळणारा माणूस लागतो. वर्गात हे क्वचितच शिकवतात. जानेवारी ते मार्च हंगाम असतो, तेव्हा दिंडोरी-पिंपळगावच्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये अर्धवेळ काम मिळतं का ते विचारा. पगार बेताचाच असेल, चालेल.

‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवरचे कोर्स फुकट आहेत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. त्यांचे क्रेडिट पदवीत धरतात का, हे कॉलेजात आधी विचारून घ्या. आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट’वाल्या क्लासला पैसे भरण्याआधी मागच्या बॅचच्या दोन-चार मुलांशी बोला. क्लासवाले नंबर द्यायला टाळाटाळ करत असतील, तर सरळ उठून या.