लॉकडाऊनमध्ये तुमच्या घरी अन्न जास्त वाया गेलं की कमी? तेव्हा लागलेली सवय पुढे टिकली का?

आमच्याकडे आधी वाढलं, मग बरंच कमी झालं. टिकलं का म्हणाल, तर अर्धंमुर्धं.

पुण्यात सिंहगड रोडला राहतो. सासूबाई, नवरा, दोन मुलं आणि मी. मी बँकेत, त्यामुळे लॉकडाऊनमध्येही दिवसाआड कामावर जात होते.

२४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा झाली आणि साडेआठला नवरा किराणावाल्याच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी पाडवा. हा माणूस घेऊन काय आला, तर पाच किलो रवा. पोहे संपले होते, मैदा नव्हता, रवा होता, म्हणून रवा. तो लगेच भाजून ठेवायला हवा होता. राहिलं. एप्रिलअखेर डबा उघडला तर आत जाळ्या. निम्म्याहून जास्त टाकून दिला.

पण खरी नासाडी भाजीची. सोसायटीत शेतकऱ्याचा टेम्पो यायचा, तीनशे रुपयांची बांधलेली पिशवी. आत दुधी निघेल की गवार, ते आपलं नशीब. पुढचा टेम्पो येईल की नाही याची खात्री नाही, म्हणून दोन-दोन पिशव्या घ्यायचो. मग त्या भाजीचं शुद्धीकरण! दोन तास उन्हात, नंतर मीठ-सोड्याच्या पाण्यात, आणि पाणी नीट निथळायच्या आत फ्रीजमध्ये. ओली पालेभाजी कोंडली की सडणारच, हे एरवी शेंबड्या पोरालाही कळतं, पण तेव्हा डोकं भीतीने चालत होतं. तिसऱ्या दिवशी मेथीचा चिखल. विषाणू मेला की नाही देव जाणे, मेथी मात्र मेली.

आता जे सांगायचंय ते. सासूबाईंचं नेहमीचं वाक्य, ‘आमच्याकडे शितसुद्धा वाया जात नाही.’ आणि ते खरंच वाटायचं, कारण कचऱ्याच्या बादलीत सालं-देठांपलीकडे काही नसायचं. सकाळी भांड्यांना मावशी यायच्या. कालची उसळ, चार पोळ्या, वाटीभर भात त्यांच्या डब्यात जायचा. मार्चअखेर मावशींचं येणं बंद झालं (पगार चालू ठेवला होता, पण तो मुद्दा नाही). आठवड्याभरात ओल्या कचऱ्याची बादली काठोकाठ. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, “एवढं उरतं आपल्याकडे?”

रोजच उरत होतं. आमच्या बादलीत पडत नव्हतं, इतकंच.

मग मी बँकवाल्या सवयीने एक वही घातली. तीन रकाने: तारीख, काय टाकलं, का टाकलं. ‘मेथी अर्धी जुडी, ओली ठेवली.’ ‘दूध पाव लिटर, तापवायचं राहिलं.’ ‘भात एक वाटी, जास्त लावला.’ ‘भात एक वाटी, जास्त लावला.’ हे वाक्य पंधरा दिवसांत नऊ वेळा आलं. नासलं-सडलं यापेक्षा मुळात जास्त शिजवलं, हेच प्रकरण मोठं निघालं. भात कायम सासूबाई लावतात, पितळी वाटीने, शिगोशीग दोन वाट्या. सासरे २०१८ मध्ये गेले. घरात भात सहा माणसांचाच होत होता. वही वाचल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरी वाटी थोडी कमी भरलेली दिसली.

त्यानंतर फरक पडला. उरलेल्या वरणाची वरणफळं, दुधीच्या सालींची चटणी, आंबट दह्याची कढी, आमरसानंतर कोयी-सालं धुतलेल्या पाण्याचं सार. फार काव्यमय करून सांगत नाही. फोडणीची पोळी सलग चौथ्या दिवशी आली तेव्हा मुलाने ताट सरकवलं होतं आणि ती पोळी वहीत गेली.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये पाहणी केली, तेव्हा बटाटे, पाव, चिकन आणि दूध या चार पदार्थांच्या नासाडीचं प्रमाण आधीच्या नोव्हेंबरमधल्या २४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. निर्बंध सैल झाले तसं ते पुन्हा वाढलं. लोकांनीच दिलेली उत्तरं आहेत, तेव्हा थोडी सूट धरा. आमच्या सासूबाईंनाही कोणी विचारलं असतं तर त्यांनी शून्य टक्के सांगितलं असतं.

जुलैत आमची परीक्षा झाली. पुण्यात १४ जुलैपासून दहा दिवस पुन्हा कडक लॉकडाऊन, त्यात पहिले पाच दिवस जवळपास दूध आणि औषधंच. आदल्या दिवशी बाजारात ही झुंबड. या वेळी मी वही बघून यादी केली: बटाटे, कांदे, लाल भोपळा, कोबी, मटकी. पालेभाजी एकच, तीही न धुता कागदात गुंडाळून. दहा दिवसांत टाकलं काय, तर दोन टोमॅटो.

ऑगस्टमध्ये मावशी परत आल्या. सासूबाईंनी सवयीने विचारलं, “डबा कुठंय?”

मावशी म्हणाल्या, “आजी, आता नाही आणत. रेशनचं मोजून शिजवायची सवय झाली. तुमचं नेलं की घरचं उरतं.”

मी ओट्यापाशी उभी होते. इतकी वर्षं ‘वाया नको जायला’ म्हणून आम्ही जे देत होतो, त्यामुळे त्यांच्या घरचं ताजं शिळं होत होतं. नको म्हणायची सोय त्यांना आधी कधी होती का, हे मला विचारता आलं नाही. आता त्या दहाच्या चहाबरोबर आमच्यातलंच गरम पोहे-उपमा जे असेल ते खातात. डबा बंद.

वही दिवाळीपर्यंत चालली, मग सुटली. भाताचं माप टिकलं. भाजी कोरडी ठेवणं टिकलं. खरेदीचं मात्र पार विसकटलं, कारण आता फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत माणूस दारात. आत्ता हे लिहिताना फ्रीजमध्ये दीड जुडी कोथिंबीर आहे, आणि नवऱ्याने मघाशी आणखी एक मागवली. मोफत डिलिव्हरीला बावीस रुपये कमी पडत होते म्हणे.