वाचकांचे प्रश्न : राज्यशास्त्र घेतलंय, पण डोक्यात काहीच राहत नाही

प्रश्न : मॅडम, मी जत तालुक्यातल्या एका गावातली, एसवायबीएला आहे. बारावीला सायन्स होतं पण मार्क कमी पडले म्हणून आर्ट्सला आले आणि राज्यशास्त्र मेजर घेतलं. वडील म्हणतात, राज्यशास्त्र शिकून काय पुढारी होणारेस का. कॉलेजमधे सगळे परीक्षेआधी आठ दिवस गाईड वाचतात आणि पास होतात, मीपण तेच केलं, ६८ टक्के पडले, पण खरं सांगते हॉब्ज, लॉक, रुसो हे राज्याचा विचार मांडणारे तिघेही एकमेकांत मिसळून गेलेत. पुढे एमपीएससी करायचीय. या डिग्रीचा खरंच उपयोग आहे का, की ती नावाला ठेवून सरळ क्लास लावू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण "६८ टक्के पडले पण काहीच राहिलं नाही" हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि दरवेळी तितकंच वाईट वाटतं. चूक तुझी नाहीये. गाईडमधे काय असतं, "हॉब्जच्या सामाजिक कराराची वैशिष्ट्ये" (सामाजिक करार म्हणजे लोकांनी करार करून राज्य उभं केलं हा विचार), खाली सहा मुद्दे, मग "लॉकच्या सामाजिक कराराची वैशिष्ट्ये", पुन्हा सहा मुद्दे, आणि त्यातले तीन तर सारखेच, मग मिसळणार नाहीत तर काय होईल. तो माणूस हे का म्हणतोय, हेच त्यात कुठे नसतं.

हॉब्जचं बघ. त्याचा मुख्य ग्रंथ आला १६५१ ला. त्याच्या दोनच वर्षं आधी इंग्लंडमधे लोकांनी आपल्या राजाचं, पहिल्या चार्ल्सचं, मुंडकं उडवलं होतं, त्याआधी सात-आठ वर्षं देशात यादवी चालू होती. हे सगळं बघितलेला माणूस जेव्हा लिहितो की राज्यच नसेल तर माणूस माणसाला खाईल, म्हणून सगळी सत्ता एकाच्या हातात द्या, तेव्हा त्यामागची भीती कळते ना? लॉकचं मुख्य लिखाण छापून आलं ते १६८८ ला राजा पळून गेला आणि पार्लमेंट वरचढ झालं त्यानंतर, त्याला भीती वाटते ती सत्ता माजण्याची, म्हणून तो म्हणतो राजा संमतीने बसतो आणि करार मोडला तर त्याला काढता येतं. आणि रुसो जिनिव्हाचा, छोट्याशा नगरराज्यातला, तो १७६२ ला म्हणतो की लोकांचं सार्वभौमत्व दुसऱ्या कुणाच्या हाती देताच येत नाही, इंग्रज लोक फक्त मतदानापुरते स्वतंत्र असतात, एकदा निवडून दिलं की परत गुलाम. प्रश्न एकच आहे, राज्य कशासाठी, पण तिघांची भीती वेगळी. एवढं धरलंस की ते सहा-सहा मुद्दे तुला पाठ करावेच लागणार नाहीत.

आता रुसोला घेऊन तुझ्या गावच्या ग्रामसभेला जा. मनापासून सांगतेय, जाच. तू अठरा वर्षांची आहेस, मतदारयादीत नाव असेल तर ती तुझी सभा आहे. आपल्याकडे साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला असते. मी तुझ्याएवढी असताना पहिल्यांदा गेले तेव्हा चावडीवर पंधरा-वीस माणसं होती, त्यात आम्ही दोघीच बायका, अर्धा तास वाट बघितली आणि कोरम (म्हणजे किमान हजेरी) नाही म्हणून सभा तहकूब, सगळे चहा पिऊन घरी. मग नियम वाचला. कोरम लागतो एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. आणि पुढची गंमत म्हणजे तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा तिला कोरम लागतच नाही! म्हणजे सगळ्या गावाने मिळून ठरवायचं ते प्रत्यक्षात तीस माणसं ठरवतात आणि कायद्याने ते बरोबर असतं. रुसोचा सगळा विचार आणि त्याची सगळी अडचण मला त्या दिवशी चावडीवर कळली, वर्गात नाही. ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय) प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची वही, बघायला माग, कुठल्या ठरावाला कोण सूचक, कोण अनुमोदक ते वहीत उतरवून घे, दोन-तीन वर्षांचं बघितलंस की तीच चार नावं सारखी दिसायला लागतात. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती तुमच्याकडे खरंच होते की नुसती कागदावर, हेही बघ.

मग हे घेऊन संविधान सभेकडे ये. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी मसुदा मांडला तेव्हा त्यात ग्रामपंचायत नव्हतीच, आणि गावाबद्दल ते फार कडक बोलले, गाव म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता असंच त्यांचं म्हणणं होतं. कित्येक सभासदांना ते लागलं, पुढे त्याच महिन्यात के. संथानम यांनी दुरुस्ती आणली, ती बाबासाहेबांनी मान्य केली आणि ग्रामपंचायती उभारायला सांगणारं आजचं कलम ४० आलं. पण ते मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात जाऊन मागता न येणारं. महाराष्ट्राने आपला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा १९६१ ला केला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि जवळजवळ सगळ्या देशाला बंधनकारक अशी पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली २४ एप्रिल १९९३ ला. मधली जवळजवळ पंचेचाळीस वर्षं हा वाद चालूच होता आणि माझ्या मते अजून संपलेला नाही, बाबासाहेब चुकीचे होते असं तुझं गाव बघून तुला म्हणता येतं का ते तूच ठरव. ती भाषणं नेटवर फुकट आहेत, इंग्रजीत आहेत, सुरुवातीला एक पान वाचायला तास लागेल, लागू दे. रोज एकच पान वाच.

एमपीएससीचं म्हणशील तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, यूपीएससीच्या धर्तीवर, त्यात एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आहेत प्रत्येकी २५० मार्कांचे, आणि राज्यशास्त्र त्या यादीत आहे. आधी बहुतेक पेपरांत पर्यायांचे गोळे काळे करून भागायचं, आता लिहावं लागतं, आणि लिहायला स्वतःचा विचार लागतो, तो आठ दिवसांच्या गाईडने येत नाही. त्यामुळे डिग्री नावाला ठेवून क्लास लावणं म्हणजे घरातली विहीर बुजवून टँकर मागवण्यासारखं आहे. पण फक्त एमपीएससीवर सगळं टाकू नकोस गं, जागा थोड्या आणि पोरं लाखांनी आहेत. बीएनंतर तीन वर्षांची एलएलबी आहे, एमए करून प्राध्यापक व्हायला लागणारी नेट-सेट देता येते, पत्रकारिता आहे. हे तिसऱ्या वर्षाआधीच डोक्यात घोळवायला लाग.

आणि वडिलांना सांग, महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमधे निम्म्या जागा बायकांना आहेत, तिथे कायदा वाचलेली, प्रोसिडिंग बुक समजणारी एक मुलगी बसली तर गावाचं भलंच होईल. पुढारी झालीस तर मला अभिमानच वाटेल.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातला, शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट आहे. "महाराष्ट्राच्या राजकारणात जातीची भूमिका" हा विषय घेतलाय पण कुठून सुरू करू कळत नाही, सगळे नेटवरून कॉपी करतात.

उत्तर : विषय फार मोठा घेतलायस, त्यावर लोकांची आयुष्यं गेलीत, म्हणून तर सगळे कॉपी करतात. तुझ्या गावापुरता घे. निवडणूक झाली की आयोग "फॉर्म २०" नेटवर टाकतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं, नोटासकट. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा सहा-सात महिन्यांच्या अंतराने झाल्या, राज्यात लोकसभेला ६१ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि विधानसभेला ६६ च्या आसपास. तुझ्या गावच्या केंद्रांचं दोन्ही वेळचं शेजारी-शेजारी मांड. फक्त केंद्रांचे नंबर मधे बदललेत का ते आधी तपास, नाहीतर सगळी तुलनाच चुकेल. आणि एक लक्षात ठेव, त्या आकड्यांतून मतं किती ते कळतं, कुणी दिली ते कळत नाही, त्यामुळे "या वस्तीने याला दिलं" असं लगेच लिहायचं नाही, त्यासाठी माणसांशी बोलावं लागेल. वीस-पंचवीस जणांशी नीट बोल, बायकांशी आणि म्हाताऱ्यांशीपण, नाव न लिहिता, आणि तू कुठल्या पक्षाचा नाहीस हे आधीच सांग. मतदारयादीच्या पहिल्या पानावर त्या यादीत गावाचा कुठला भाग येतो ते लिहिलेलं असतं, त्यावरून एका मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढ आणि प्रोजेक्टच्या मार्गदर्शकांना पहिल्या भेटीत तोच दाखव.