लंडनमध्ये एकच दिवस, सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि दोन मुलं : काय बघायचं, खरेदी कुठे करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जुलैत लंडनमध्ये एक अख्खा दिवस मिळतोय, बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि सहा व बारा वर्षांची मुलं. बिग बेन, राजवाडा, कोहिनूर, हॅरॉड्स, ऑक्सफर्ड स्ट्रीट अशी यादी तुम्ही दिली आहे, आणि खरेदीवरचा टॅक्स विमानतळावर परत मिळतो का, असंही विचारलं आहे. मी लंडनच्या पश्चिम उपनगरात राहते. उन्हाळ्यात भारतातून घरचे आले की हा दिवस आखायचं काम माझ्याकडेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार करा. आपले आई-बाबा दमले तरी सांगत नाहीत. एवढा खर्च करून मुलांनी आणलंय, आपल्यामुळे कुणाचं काही राहायला नको, म्हणून ‘आम्ही ठीक आहोत, चला’ म्हणत चालत राहतात, आणि रात्री हॉटेलवर पाय सुजलेले दिसतात. तुमच्या यादीतली ठिकाणं शहराच्या चार कोपऱ्यांत आहेत. ती सगळी करायची म्हटली, तर दिवस भुयारी रेल्वेच्या जिन्यांवर आणि लांबलचक बोगद्यांत जाईल. त्यामुळे एकच सरळ रेघ धरा : वेस्टमिन्स्टर पूल ते ऑक्सफर्ड सर्कस. हे सगळं अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर आहे, आणि १२, १५९ व ४५३ नंबरच्या बस या रस्त्यानेच जातात. जिथे कुणी थकेल तिथे बस पकडायची, दोन थांबे पुढे उतरायचं. थांब्यावरच्या पाटीवर नंबर तेवढा बघून घ्या, कारण रस्त्याची कामं निघाली की बस वळवतात.

प्रवासाचं आत्ताच सांगते. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचं कार्ड हवं (बँकेचं टेकवून चालणारं, नाहीतर ऑयस्टर, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड), एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. बसमध्ये चढताना एकदाच कार्ड टेकवायचं, भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा. एकाच कार्डाने दिवसभर फिरलात, तर एका ठरावीक रकमेनंतर पुढचा प्रवास फुकट होतो, म्हणून मध्येच कार्ड बदलू नका. सहा वर्षांच्या मुलाला भाडं नाही. बारा वर्षांच्याला मात्र मोठ्यांचं भाडं लागेल. त्याच्यासाठी ऑयस्टर कार्ड घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला त्यावर पाहुण्या मुलांची सवलत चढवायला सांगा. ११ ते १५ वर्षांच्या मुलांना ती १४ दिवसांपर्यंत मिळते आणि भाडं निम्म्यावर येतं. बँकेच्या कार्डावर ही सवलत चढत नाही. बसमध्ये मुलं वरच्या मजल्यावर पुढच्या काचेपाशी बसायला धावतील, त्यांच्याबरोबर एकाने जायचं. आई-बाबांना खालीच दाराजवळच्या राखीव जागांवर बसवा, आणि बसेपर्यंत दांडा धरून ठेवायला सांगा, कारण माणसं बसायच्या आत बस सुटते.

सकाळी साडेनऊच्या सुमाराला वेस्टमिन्स्टर पुलावर या. तिथून थेम्स नदी, संसदेची इमारत, बिग बेन आणि पलीकडचं लंडन आय हे सगळं एका नजरेत दिसतं, फोटोही इथेच चांगले येतात. बिग बेन हे खरं तर आतल्या घंटेचं नाव आहे. ९६ मीटर उंच मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. लंडन आयमध्ये या खेपेला बसू नका, असं माझं मत. एक फेरी अर्ध्या तासाची असते, पण त्याआधीच्या रांगेत सकाळची उमेद संपते. पूल ओलांडून पार्लमेंट स्क्वेअरमध्ये गांधीजींचा पुतळा बघा. चर्चिल यांचा पुतळाही त्याच चौकात आहे. २०१५ साली गांधीजी तिथे उभे राहिले, हे बाबांना आवर्जून सांगा. माझ्या घरातली मोठी माणसं या चौकात नेहमी थांबतात, बराच वेळ बघत राहतात.

तिथून व्हाइटहॉल रस्त्याने पुढे निघा. डाव्या हाताला लोखंडी फाटकाआड डाउनिंग स्ट्रीट, पंतप्रधानांचं घर असलेली गल्ली. त्यापुढे हॉर्स गार्ड्स. राजवाड्यासमोरचा पहारा बदलण्याचा सोहळा बघायचा तर आधी तासभर गर्दीत उभं राहावं लागतं, आणि तो रोज नसतोही. हॉर्स गार्ड्सपाशी घोडेस्वारांचा पहारा रोज अकरा वाजता बदलतो, रविवारी दहाला. इथे अगदी जवळून बघता येतं. सहा वर्षांचं पोर घोड्याकडे धावेल, पण घोडे चावतात, लाथ मारतात अशी पाटीच तिथे लावलेली आहे, तेव्हा हात धरून ठेवा.

हॉर्स गार्ड्सच्या कमानीतून पलीकडे गेलात की परेडचं मोठं मैदान, आणि मैदान ओलांडलं की सेंट जेम्स पार्क. जेवणासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. बाकांवर बसायला पैसे लागत नाहीत (कापडी आरामखुर्च्यांना लागतात), तळं आहे, झाडांची सावली आहे, आणि पेलिकन पक्षी आहेत. १६६४ साली रशियाच्या राजदूताने इथल्या राजाला पेलिकन भेट दिले, तेव्हापासून ते या बागेत आहेत. दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांना मासे घालतात, तोवर थांबायची गरज नाही, पण योग आला तर मुलं खूश. सकाळी निघताना दशम्या, पराठे, दाण्याची चटणी असं काही बरोबर घेता आलं तर घ्या. नाहीतर कुठल्याही सुपरमार्केटमधून सँडविच आणि फळं घ्या. आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका इथे सक्तीचा नाही, तेव्हा ‘शाकाहारींसाठी योग्य’ असं लिहिलेलं शोधा. बागेच्या टोकाला झाडांमागे बकिंगहॅम राजवाडा दिसतो. आई-बाबांना बाकावर निवांत बसू द्या, ज्यांना फोटो हवाय त्यांनी चालत जाऊन यावं.

जेवणानंतर ट्रॅफल्गर चौक. नेल्सनचा खांब आणि सिंह सगळेच बघतात, पण त्या खांबाच्या दोन बाजूंना दोन सेनापतींचे पुतळे आहेत, त्यांच्याकडे मराठी माणसाने जरूर बघावं. एक हेन्री हॅवलॉक. १८५७च्या जुलैत नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी लढून कानपूर परत घेणारा हाच. दुसरा चार्ल्स नेपियर, १८४३ साली सिंध जिंकणारा. बारा वर्षांच्या मुलाने शाळेत १८५७चा धडा वाचलेला असेल. त्यातला एक माणूस इथे शहराच्या मध्यभागी पराक्रमी म्हणून चौथऱ्यावर उभा आहे, हे त्याला आजोबांनी समजावून सांगितलं तर दोघांच्याही लक्षात राहील.

चौकाच्या वरच्या अंगाला नॅशनल गॅलरी. प्रवेश फुकट, बसायला जागोजागी बाकं, स्वच्छतागृह चांगलं, लिफ्ट आहे. व्हॅन गॉगची सूर्यफुलं आणि आणखी दोन-चार चित्रं बघितली की पुरे. ही गॅलरी खरेदीच्या आधी करा, कारण दारात पिशव्या तपासतात आणि मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा : इथल्या शाळांना जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुट्टी लागते, त्यानंतर सगळीकडे मुलांची झुंबड असते. तुमचा दिवस त्याआधी बसत असेल तर फार बरं.

आता खरेदी. टॅक्स परत मिळत नाही. १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनने पर्यटकांना व्हॅट परत देण्याची योजना बंद केली. विमानतळावरच्या दुकानांत कपडे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू करमुक्त मिळायच्या, तेही त्याच दिवशी बंद झालं. जुन्या माहितीवर विसंबून पावत्या जमवत बसू नका. इथला व्हॅट २० टक्के आहे आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. म्हणून कशावर कर लागत नाही ते बघून यादी करायची. लहान मुलांचे कपडे आणि बूट यांवर व्हॅट शून्य. पुस्तकांवर शून्य. चहावरही शून्य. चॉकलेटवर मात्र पूर्ण २० टक्के. तेव्हा भाचवंडांसाठी कपडे आणि मुलांसाठी गोष्टीची पुस्तकं ही इथली खरी फायद्याची खरेदी. मोबाइल, लॅपटॉप यांचा नाद सोडा. कराचे पैसे परत येत नाहीत, आणि चार्जरला इथला चौकोनी पायांचा तीन पिनांचा प्लग असतो, तो घरी बसत नाही.

ट्रॅफल्गर चौकातून वर सांगितलेल्या बसने पिकॅडिली सर्कसला उतरा. पिकॅडिली रस्त्याने पाचेक मिनिटं चाललं की हॅचर्ड्स हे १७९७ सालचं पुस्तकांचं दुकान आणि जवळच फोर्टनम अँड मेसन, १७०७ सालचं. चहाचे डबे इथून घ्यावेत. महाग आहेत, पण आई-बाबांच्या मित्रमंडळींना द्यायला ते छान वाटतात. तुमच्या यादीतलं हॅरॉड्स या रेघेपासून बाजूला आहे, आणि भव्य जुनं दुकान बघण्याची हौस फोर्टनममध्ये भागते. हॅरॉड्स खुशाल गाळा.

पुन्हा बसने रीजंट स्ट्रीट. वळण घेत जाणारा हा रस्ता वरच्या मजल्यावरून फार सुंदर दिसतो. वाटेत हॅम्लीज, खेळण्यांचं सात मजली दुकान. १७६०चं हे दुकान २०१९पासून रिलायन्सच्या मालकीचं आहे आणि मुंबई-पुण्याच्या मुलांनी त्याची शाखा मॉलमध्ये पाहिलेली असते. तरीही मुलांना न्या. इथले विक्रेते उडणारी विमानं, साबणाचे फुगे, जादूचे खेळ स्वतः खेळून दाखवतात. बघायला मनसोक्त वेळ द्या, विकत एखादीच वस्तू घ्या.

ऑक्सफर्ड सर्कसला आलात की मंडळींची फाळणी करा. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये वरच्या मजल्यावर उपाहारगृह आणि स्वच्छतागृह असतं. जॉन लुइसमध्ये आई-बाबांना चहा घेऊन बसवा, सगळ्या पिशव्या त्यांच्यापाशी ठेवा, आणि बाकीच्यांनी आलटून पालटून खरेदी करावी. स्वस्त कपड्यांसाठी प्रायमार्क : ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या दोन्ही टोकांना एकेक मोठं दुकान आहे, टॉटनहॅम कोर्ट रोडपाशी आणि मार्बल आर्चपाशी. घरच्यांचे मापाचे आकडे घेऊन या. बुटांचे आपल्याकडचे नंबर इंग्लंडचेच असतात, तेव्हा तिथे घोळ नाही. बायकांच्या कपड्यांचे आकडे वेगळे आहेत, ते घालून बघावेत. गावाकडे वाटायला गोळ्या-चॉकलेटं घेणार असाल, तर जेलीच्या मऊ गोळ्यांमध्ये बहुतेकदा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं. शाकाहारी घरांत द्यायचं असेल तर पाकिटामागचं नीट वाचून घ्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. रस्त्याच्या कडेला मोबाइल हातात धरून उभं राहू नका. सायकल किंवा मोपेडवरून येऊन फोन हिसकावतात आणि क्षणात पसार होतात. नकाशा बघायचा तर दुकानाच्या दारात आत सरकून बघा. आणि दिवस रविवारचा असेल, तर कायद्याने मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी राहतात, बहुतेक बारा ते सहा. इतर दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आठ-नऊपर्यंत दुकानं चालू असतात आणि जुलैत नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नको. परतताना बाँड स्ट्रीट किंवा टॉटनहॅम कोर्ट रोडवरून एलिझाबेथ लाइन ही रेल्वे घ्या. तिथे रस्त्यापासून गाडीपर्यंत लिफ्टने जाता येतं.

कोहिनूरचं वेगळं सांगते, कारण बाबांचा आग्रह असू शकतो. तो पूर्वेला टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, तिकीट महाग आहे आणि तीन तास जातात. मनापासून बघायचा असेल तर सकाळ तिथेच घालवा. तिकीट आधी काढा, दार उघडताच थेट रत्नदालनात जा, कारण नंतर रांग वाढत जाते. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहून बघायचं, फोटो काढू देत नाहीत. १८४९ साली अल्पवयीन महाराजा दुलीपसिंगांकडून घेतलेला तो हिरा समोर बघताना घसा दाटून येतो, हे खरं. बाकी किल्ल्यात दगडी फरसबंदी आणि जिने आहेत, आई-बाबांनी ते सोडावेत. मग टॉवरच्या धक्क्यावरून बोटीने वेस्टमिन्स्टरला या. बसून नदी बघणं होतं आणि तुम्ही पुन्हा आपल्या रेघेवर येता. अशा वेळी नॅशनल गॅलरी आणि फोर्टनम गाळा. घोडेस्वार चार वाजेपर्यंत दिसतात.

परतीच्या दिवशी सकाळी दोन-तीन तास मोकळे असतील, तर उत्तरेला प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड इथे जा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. साधं, शांत वस्तीतलं घर आहे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं, पण आई-बाबांसाठी टॅक्सी करा. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या.