वॉर्ड सोडून घरोघरी जायचं म्हणताय, तर

ताई, इंदूरला एम.वाय. हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सांभाळलाय, इंग्लंडात कम्युनिटी नर्सचं काम जमेल का, दिवसाच्या भेटी कशा लावतात, एकटं वाटतं का, असं विचारलंत. परीक्षा आणि व्हिसाचं सगळं अधिकृत साइटवर आहे, ते सोडते.

किती पेशंट यापेक्षा किती मिनिटं हे बघावं लागतं. इन्सुलिनला १५-२० मिनिटं, दोन्ही पायांना बँडेज असेल तर तासभर, शिवाय गाडीतला वेळ आणि नोंदी. न हलणारी कामं आधी लावा: न्याहारीच्या वेळचं इन्सुलिन, मग सिरिंज ड्रायव्हर, म्हणजे त्वचेखाली थोडं थोडं औषध सोडत राहणारा छोटा पंप. तो २४ तासांनी भरायचा असतो. पहिल्या दिवशी ड्यूटी बदलायच्या वेळी लावलात की रोज तीच ओढाताण. शुक्रवारी घरातला औषधसाठा मोजाच. शनिवारी रात्री मॉर्फिन संपलं तर नाकी नऊ येतात.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, १२ आठवड्यांनी बदलायचा म्हणून सगळे कॅलेंडरवर टाकतात. पण एखाद्याचा दर वेळी सहाव्या आठवड्यात तुंबतो. मागच्या तीन तारखा काढा, त्याची भेट पाचव्यात ठेवा. मध्यरात्रीचे फोन थांबतील.

पायाच्या जखमेवर दाबाचं बँडेज बांधण्याआधी डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह ऐकायचं छोटं यंत्र) घोट्याचा आणि दंडाचा दाब घेऊन गुणोत्तर काढतात. ०.८ च्या खाली असेल तर पूर्ण दाब द्यायचा नाही. १.३ च्या वर गेलं तरी खूश होऊ नका, मधुमेहात धमन्या कडक झाल्या की आकडा फसवतो.

गाडीच्या लायसन्सचा मला अजून राग येतो. आपलं भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, मग थिअरीपासून सगळं नव्याने. इंदूरला राजवाड्याच्या गर्दीत वर्षानुवर्षं गाडी काढलीत, त्याचं इथे कौतुक नाही. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर मॅन्युअल चालवता येत नाही. गाडीशिवाय हे काम होत नाही, तेव्हा आल्या आल्या अर्ज टाका.

एकटेपणा? दोन घरांमधल्या आठ मिनिटांपुरता. चालतं. फक्त इथल्या आजींची इन्सुलिनची वेळ पाळताना इंदूरला रामबागेतल्या माझ्या आईला आज कोणी टोचलं असेल, हे डोक्यात येतं. तिची भेट कुठल्याच यादीत बसवता आलेली नाही.

आणि हो, पेशंटच्या दाराबाहेर किल्ली ठेवायची जी पेटी असते, तिचा नंबर पत्त्याच्याच कागदावर लिहू नका.