मुलगा चार वर्षांचा झाला तरी अंगठा चोखतो, सवय कशी मोडावी?

ताई, तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याला आधी उत्तर देते. तुम्ही लिहिलंय, सासूबाई म्हणतात अंगठ्याला मिरची लावली की दोन दिवसांत सुटेल. ते करू नका. मी केलेलं आहे.

माझी लेक तेव्हा साडेचार वर्षांची होती. आम्ही नाशिकला राहतो, घर भरलेलं, त्यामुळे उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. कारल्याचा रस लावला, तर ती दोन मिनिटं तोंड वाकडं करून तो चोखून संपवायची आणि मग पुढे चालू. कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तो तिने फ्रॉकला पुसला. कोणीतरी काळा बोळ उगाळून लावायला सांगितला, अंगावरचं दूध तोडताना लावतात तसा. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, तो रेचक असतो. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या म्हणून एका रात्री चिमूटभर तिखट तेलात कालवून लावलं. सुचवणं त्यांचं, पण हात माझा होता. तिने झोपेत अंगठा तोंडात घातला, किंचाळून उठली आणि रडता रडता त्याच हाताने डोळे चोळले. अर्धा तास मी तिचे डोळे पाण्याने धूत होते. शांत झाल्यावर ती माझ्याकडे आलीच नाही. बाबाच्या कुशीत शिरली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा चोखत झोपली.

तो दुसरा हात बघून माझ्या लक्षात आलं की मी उलटंच काहीतरी करते आहे. भीती वाटली की मूल अंगठ्याकडेच जातं, आणि भीती तर मीच घातली होती.

अंगठा ही खोड म्हणून सुरू होत नाही. सोनोग्राफीत पोटातलं बाळ अंगठा चोखताना दिसतं. दूध ओढण्याची उपजत क्रियाच ती, आणि भूक नसतानाही त्यातून बाळाला शांत वाटतं. आपल्याकडे हे फार पूर्वीपासून ओळखलेलं आहे. वडाच्या पानावरचा बाळकृष्ण पायाचा अंगठा तोंडात घालून निजलेला असतो. मांधाता राजाच्या गोष्टीत तर आई नसलेल्या बाळाच्या तोंडात इंद्र स्वतःचं बोट देतो आणि म्हणतो, हा मला पिईल, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. आई नसताना बोट, हे त्या गोष्टीत किती नेमकं आलंय बघा.

बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. तुमचा मुलगा नुकताच चार पूर्ण झालाय, म्हणजे उशीर झालेला नाही. मीही घाबरून लेकीला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी तिला दात मिटायला सांगितलं आणि मला आरशात दाखवलं: मागचे दात एकमेकांवर टेकले तरी पुढे वरच्या आणि खालच्या दातांमध्ये फट राहत होती, अंगठ्याच्या आकाराची. वरचे दात थोडे पुढेही आले होते. त्या म्हणाल्या, अंगठा नुसता तोंडात ठेवून झोपणं वेगळं आणि जोर लावून, गाल आत ओढून, तासन्‌तास चोखणं वेगळं. जोराने चोखणाऱ्या मुलांची टाळू अरुंद होऊ शकते. पण दुधाचे दात असताना सवय सुटली तर अशी फट बरेचदा आपोआप भरत जाते. पक्के पुढचे दात साधारण ६ ते ७ व्या वर्षी येतात, त्याआधी सुटायला हवं. तुमच्याकडे अजून दोन वर्षं आहेत, तेव्हा दोन दिवसांत सोडवायची घाई कशाला?

त्या डॉक्टरांनी मला गोळी दिली नाही, औषध दिलं नाही. एक काम दिलं. आठवडाभर काही बोलायचं नाही, रागवायचं नाही, तोंडातून हात ओढायचा नाही, फक्त लिहून ठेवायचं: अंगठा कधी गेला आणि तेव्हा काय चाललं होतं. मी फ्रिजवर एक कागद चिकटवला. मला वाटायचं ती दिवसभरच चोखते. तसं नव्हतं. शाळेच्या रिक्षातून उतरल्यावर, टीव्हीसमोर, आणि दुपारी-रात्री झोपताना, बस्स. खेळताना, चित्र काढताना, अंघोळीच्या बादलीत हात घालून बसलेली असताना एकदाही नाही. आणि दर वेळी दुसऱ्या हाताची बोटं गोधडीच्या काठावरून फिरत असायची. गोधडी धुवायला टाकलेल्या दिवशी चोखणं निम्म्यावर आलं, हे कागदावर लिहिलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं. तुमच्या मुलाचंही असं काहीतरी असेल, कुणी कानाची पाळी धरतं, कुणी आईचे केस, कुणी टॉवेलचं टोक. ते शोधा.

कागद भरल्यावर पुढचं सोपं होत गेलं. रिक्षातून उतरल्यावर तिला खरं तर भूक लागलेली असायची आणि ती पेंगुळलेली असायची. दारातच राजगिऱ्याचा लाडू हातात द्यायला लागले, आणि पाच मिनिटं मांडीवर. टीव्हीसमोर हात रिकामे म्हणून अंगठा जायचा. थंडीचे दिवस होते, मटाराच्या शेंगा ताटात घेऊन तिला सोलायला बसवलं, कधी कणकेचा गोळा दिला. गोधडी फक्त गादीवर, दिवाणखान्यात आणायची नाही, असं ठरलं. दिवसाचं चोखणं तीन आठवड्यांत गेलं. तेव्हा मी तिला 'चोखू नकोस' एकदाही म्हटलं नव्हतं.

रात्रीचं मात्र अवघड असतं, कारण झोपेत अंगठा जातो तो मुलाला कळतही नाही. जे त्याला कळतच नाही त्याबद्दल सकाळी रागवण्यात काय अर्थ आहे? एका दुपारी, ती छान खेळत असताना, झोपेच्या वेळी अजिबात नाही, मी तिच्याशी बोलले. तुझा अंगठा झोपेत हळूच तोंडात पळतो, त्याला आठवण कशी द्यायची? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, त्याला टोपी घालू. सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला, धुऊन धुऊन तलम झालेला. पहिल्या रात्री नुसती चिंधी गुंडाळली, ती सुटून अंथरुणात सापडली. सुटलेली चिंधी तोंडात गेली तर घशात अडकू शकते, म्हणून दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत पट्टी शिवून ती टोपी पक्की केली. सैलच ठेवा. दोरा किंवा रबर कधीही बांधू नका, बोटाचं रक्त थांबतं. आणि मूल नको म्हणालं तर त्या रात्री राहू द्या. आठवण म्हणून बांधलेली टोपी जबरदस्तीने घातली की तीही शिक्षाच होते.

झोपताना अंगठ्याच्या जागी काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर मूल झोपणार कसं? आम्ही पाय चोळायला लागलो. खोबरेल तेलाचं बोट, तळपाय, एक गोष्ट, मग दिवा बंद. पहिले चार-पाच दिवस तिला झोप यायला तासभर लागायचा. तो तास तुम्हाला काढावा लागेल, त्याला दुसरा उपाय मला सापडला नाही.

सकाळी टोपी जागेवर असली की ती स्वतः माझ्या पाकिटातली एक टिकली काढून कालनिर्णयवर त्या तारखेला चिकटवायची. टोपी निघालेली असेल तर टिकली नाही, आणि त्यावर चर्चाही नाही. ५ टिकल्या झाल्या की रात्रीची गोष्ट तिने निवडायची. मोठं बक्षीस, सायकल वगैरे, कबूल करू नका, ते हुकलं की मूल खचतं. लहान मुलांच्या चोखण्याच्या सवयींवरच्या उपायांचे जे अभ्यास झालेत त्यांचा २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा घेतला होता. त्यात काहीच न करण्यापेक्षा कौतुक-बक्षिसासारखे उपाय आणि दातांच्या डॉक्टरांनी बसवलेली तार, दोन्हींचा उपयोग दिसला, पुरावा फार भक्कम नसला तरी. टाळूला बसवायची ती तार मोठ्या मुलांसाठी आहे, ज्यांना स्वतःला सोडायचंय पण जमत नाही त्यांच्यासाठी. तुमच्या मुलाला आत्ता तिची गरज नाही.

डिसेंबरात सुटत आलं होतं. जानेवारीत तिला ताप आला, त्याच आठवड्यात बाबा कामासाठी बाहेरगावी, आणि अंगठा परत तोंडात. मी खूप निराश झाले, पण बोलले नाही. टोपी उशाशी ठेवून दिली. ताप उतरल्यावर तिनेच मागितली. असं मागे-पुढे होत पूर्ण सुटायला आम्हाला साधारण साडेतीन महिने लागले. वर्षभरानंतर पुढची फट बरीच कमी झाली होती.

जंतूंबद्दल तुम्ही विचारलंत. नखं आठवड्याला कापा, बाहेरून आल्यावर साबणाने हात. मातीतून काही जंतांची अंडी नखांतून पोटात जातात, म्हणून दर वर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत आणि शाळेत जी गोळी देतात ती चुकवू नका, १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी ती असते. पण फार धास्तीही घेऊ नका. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन इथे हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केलाय, त्यांच्या २०१६ च्या अहवालात अंगठा चोखणाऱ्या आणि नखं खाणाऱ्या मुलांच्या त्वचाचाचणीत अ‍ॅलर्जी कमी आढळली. सवय लावा असं त्यांनी म्हटलेलं नाही, पण अंगठा म्हणजे विष नाही हे कळलं की आपलाच जीव जरा शांत होतो.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं? अंगठ्याला नखुरडं होऊन सुजला, पू झाला तर लगेच. पाच वर्षांनंतरही दिवसभर, जोराने चोखत असेल, किंवा बोलताना जीभ दातांच्या फटीतून बाहेर येऊन 'स' नीट उमटत नसेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एकदा पूर्ण सुटलेली सवय अचानक परत आली, तर आधी शाळेत काय झालं ते हळूच विचारा. एवढा मोठा झाला तरी चोखतो, असं पाहुण्यांसमोर कोणी बोललं तर मुलाला जवळ घ्या आणि विषय तिथेच थांबवा. माझी लेक अशा वेळी सोफ्यामागे जाऊन चोखायची.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. वाद घालून माझं काही जमलं नव्हतं. तुमच्या सासूबाईंनाही नातवाची काळजीच आहे, त्यांच्या काळात मिरची हाच उपाय हाताशी होता. मी माझ्या सासूबाईंकडे टोपीसाठी साडी मागितली तेव्हा त्यांनी ट्रंक उघडून दोन तास घालवले, सगळ्यात मऊ कोणती ते हाताने चाचपून ठरवलं, आणि त्या रात्रीपासून टोपी बांधायचं काम त्यांनीच घेतलं. तिखटाचं नाव पुन्हा निघालं नाही. तुमच्या सासूबाईंकडेही अशी एखादी साडी असेल, तीच मागा.