चार क्लिक म्हणजे एक इंच, पण किती अंतरावर?

वाचकांचे प्रश्न : नेमबाजी

प्रश्न : सर, दिवाळीत एअर रायफल घेतली आणि तिच्यावर ३-९×४० चा स्कोप (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी दुर्बीण) बसवून घेतला. टरेटवर (स्कोपवरच्या फिरवायच्या कळीवर) '१/४ एमओए' लिहिलंय. दुकानदार म्हणाला, चार क्लिक फिरवले की मार एक इंच सरकतो. गोडाउनमध्ये दहा मीटरवर छर्रा दोन सेंटिमीटर खाली लागत होता, म्हणून चार क्लिक वर दिले. फरक दिसेना. आणखी चार दिले, तरी तेच. स्कोप बाद आहे काय ओ? परत करू का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : एवढ्यात परत करू नका. दुकानदार खोटं बोललेला नाही, त्याने अर्धंच सांगितलं. चार क्लिकला एक इंच हे १०० यार्डांवर खरं आहे, म्हणजे ९१ मीटरवर. तुम्ही उभे आहात दहावर.

टरेट फिरवला की स्कोपच्या आतली नळी किंचित कलते आणि कोन बदलतो. बस्, तेवढंच. इंच-मिलिमीटर त्या नळीच्या गावीही नसतात. एमओए म्हणजे 'मिनिट ऑफ अँगल', कोनाचं मिनिट. तुमची एक क्लिक म्हणजे पाव मिनिट. अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग मिनिट, आणि त्याचाही चौथा हिस्सा. मी पॉलिटेक्निकला सर्व्हेइंग शिकवायचो. आमच्या थिओडोलाइटचं (कोन मोजायच्या यंत्राचं) लघुत्तम माप २० सेकंदांचं. ते व्हर्निअरवर वाचताना पोरं भिंगाला डोळा लावून घामाघूम व्हायची. तुमच्या टरेटची एक क्लिक १५ सेकंदांची आहे! एवढ्या बारीक कोनाचा दहा मीटरवर पत्ता लागला नाही, तर त्यात स्कोपचा काय दोष?

कोन तोच राहतो, पण जितकं लांब जावं तितका फाकत जातो. मंगळवेढ्याच्या रानात ज्वारी पेरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. अलीकडच्या बांधाजवळ तिफण बोटभर वाकडी धरली की पलीकडच्या बांधाला ओळ हातभर सरकलेली असते. एक मिनिटाचा कोन १०० मीटरवर २९ मिलिमीटर भरतो, ५० वर साडेचौदा, २५ वर सव्वासात आणि दहावर जेमतेम २.९. पाव मिनिटाची क्लिक दहा मीटरवर ०.७३ मिलिमीटर. छर्राच मुळात साडेचार मिलिमीटर जाड. चार क्लिकांनी मार तीन मिलिमीटरसुद्धा हलला नाही. नवं भोक जुन्या भोकातच मिसळलं असणार. दोन सेंटिमीटर वर यायला २७-२८ क्लिक लागतात. आठ दिलेत, उरलेले वीस न घाबरता द्या.

कुठल्याही अंतराला हिशेब हाच. अंतर मीटरमध्ये घ्या, ०.०७३ ने गुणा, एका क्लिकचे मिलिमीटर मिळतात. मार जितका चुकतोय त्याला या आकड्याने भागा. पट्टीवर दहा, पंधरा, वीस, पंचवीसचे आकडे लिहून दस्त्यावर चिकटवा. मी म्हातारा माणूस, मोबाइलमधल्या ॲपपेक्षा चिकटपट्टीवर माझा भरवसा जास्त.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायच्या बंदुका असतात ना, त्यांची माशी (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) हमखास वाकडी. मुरलेला गडी पहिला फुगा चुकला की दुसऱ्याला नेम चार बोटं डावीकडे धरतो आणि फोडतो. तिथे हे चालतं, कारण फुग्यांची फळी जागची हलत नाही. फळी दुप्पट लांब नेली तर चार बोटांची आठ बोटं करावी लागतील. तुमच्या दुकानदाराचा 'एक इंच' तसाच, एका फळीपुरता.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. दहा मीटरवर झिरो केल्यावर, म्हणजे नेम आणि मार एकाच जागी आणल्यावर, पंधरा-वीसवर काय होईल? इथे नुसता कोन पुरत नाही, छर्रा खालीही पडत असतो. बंदुकीच्या नळीतून तो साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघाला तर दहा मीटर गाठेपर्यंत पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास पडतो. अंतर दुप्पट झालं की पडणं चौपट होतं, वर हवेच्या अडथळ्याने आणखी थोडं. शिवाय स्कोप नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसलेला, म्हणजे छर्रा खालून निघतो आणि तुमच्या नजरेच्या रेषेला खालून येऊन छेदतो. गणित मांडून पाहिलं तर गंमत दिसते : दहावर झिरो केलेली अशी रायफल पंधरावर चार-पाच मिलिमीटर वर मारते, वीसच्या आसपास पुन्हा क्रॉसवायरवर (स्कोपमधल्या तारांच्या फुलीवर) येते आणि तिथून पुढे झपाट्याने खाली जाते. पंधरावर मार वर लागला म्हणून टरेटला हात लावाल, तर दहाचा झिरोही घालवून बसाल. तुमच्या छर्‍याचा वेग वेगळा असेल तर आकडे बदलतील, तेव्हा प्रत्येक अंतरावर पाच-पाच छर्रे मारून स्वतः मोजा.

स्कोपवर शंका असेलच तर एक रविवार त्याच्यावर घाला. दहा मीटरवर आलेख कागद लावा. ओळंबा सोडून त्यावर एक उभी रेघ मारा. कागद डोळ्यानेच सरळ लावला, तर पुढच्या सगळ्या मोजणीला अर्थ नाही. रेघेच्या खालच्या टोकावर नेम धरून पाच छर्रे मारा. मग नेम तिथेच ठेवून ४० क्लिक वर द्या, पाच मारा. पुढे ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. प्रत्येक बाजू २९ मिलिमीटरची यायला हवी आणि शेवटचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, पहिल्यावर पडायला हवा. बाजू २४-२५ च येत असेल तर तुमची 'पाव मिनिट' क्लिक पाव मिनिटाची नाही. स्वस्त स्कोपमध्ये असं सापडतं. मग आपला मोजलेला आकडा धरा, कंपनीचा विसरा. वर जाताना ग्रुप रेघ सोडून तिरका सरकत असेल तर स्कोप माउंटमध्ये (त्याला रायफलवर धरणाऱ्या कड्यांत) तिरपा बसलाय. स्क्रू सैल करून क्रॉसवायर ओळंब्याच्या दोरीला लावून घ्या. शेवटचा ग्रुप पहिल्यावर परतलाच नाही, तर मात्र खुशाल दुकानात जा.

आणि गोडाउनमध्ये टार्गेटच्या मागे छर्रे अडवणारा सापळा आहे ना? नुसत्या भिंतीवर मारू नका, छर्रा उलटून येतो. डोळ्यांवर चश्मा हवाच.

प्रश्न : माझ्या स्कोपमध्ये तारेवर ठिपके आहेत, त्यांना मिल-डॉट म्हणतात असं कळलं. टरेटवर मात्र एमओए. मार एक ठिपका खाली लागला तर किती क्लिक द्यायचे?
— पंढरपूर

उत्तर : चौदा. एक मिल म्हणजे ३.४४ मिनिटं, पाव-पाव मिनिटाच्या क्लिकने पावणेचौदा. एका भाषेत मोजायचं आणि दुसऱ्या भाषेत फिरवायचं, असले स्कोप का बनवतात हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक. पुढचा स्कोप घ्याल तेव्हा ठिपके आणि टरेट दोन्ही मिलचे घ्या. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग : १०० मीटरवर दहा सेंटिमीटर, दहा मीटरवर एक. टरेटची क्लिक ०.१ मिलची, म्हणजे दहा मीटरवर एक मिलिमीटर, पन्नासवर पाच. आपल्याकडे रेंज मीटरमध्येच आखलेली असते, तिथे हे तोंडी जमतं.

तुमच्या स्कोपला झूम असेल तर आणखी एक पाहा. पुष्कळ स्कोपमध्ये झूम बदलला तरी ठिपके तेवढेच दिसतात, मागचं चित्र तेवढं लहान-मोठं होतं. अशा स्कोपमध्ये दोन ठिपक्यांतलं अंतर एकाच वर्धनाला एक मिल असतं, बहुधा सर्वांत मोठ्या. पुस्तिकेत दिलेलं असतं. ते ९ ला खरं असेल तर साडेचारवर त्याच दोन ठिपक्यांत दोन मिल मावतात, आणि चौदाऐवजी २७-२८ क्लिक लागतात. क्लिकचा कोन मात्र झूमने बदलत नाही.

प्रश्न : डोकं जरा हललं की क्रॉसवायर टार्गेटवरून सरकते. क्लिकने जमेल का?
— बार्शी

उत्तर : नाही. हा पॅरॅलॅक्स. टार्गेटचं चित्र आणि क्रॉसवायर आत एकाच पातळीवर पडत नाहीत, म्हणून डोळ्याबरोबर सरकतात. मोठ्या रायफलीचे पुष्कळसे स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात, दहा मीटरवर ते हा त्रास देणारच. पुढच्या भिंगावर किंवा डाव्या बाजूला अंतराची कडी असेल तर ती फिरवा. आकड्यावर विसंबू नका. रायफल टेकूवर ठेवून डोकं वर-खाली करा आणि तार जागची हलायची थांबेल तिथे कडी सोडा. कडी नसेल तर गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकवण्याची सवय लावा.

प्रश्न : पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेंनी ५० मीटरमध्ये कांस्य घेतलं, त्यांच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. मग त्यांना हे मिनिटांचं गणित लागत नसेल?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : लागतं की! त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाची चकती आणि पुढे नळीच्या टोकाला गोल कडी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या या पोराने ज्या टार्गेटवर पदक घेतलं, त्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. पन्नास मीटरवरून त्याचा कोन काढ बघू : ०.७ मिनिट. ३०० मीटरच्या स्पर्धेत दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, ऐकायला केवढं मोठं, पण कोन फक्त १.१५ मिनिट.

तिथेही मागच्या साईटला, म्हणजे त्या चकतीला, टरेटसारख्याच कळा असतात आणि त्याही क्लिक करतात. फरक इतकाच की तिथे स्कोपसारखी आतली नळी कलत नाही, चकतीच जागची सरकते, आणि ती सरकल्याने कोन किती बदलला हे दोन साईटमधल्या अंतरावर ठरतं. समज, ते अंतर ७५ सेंटिमीटर आहे आणि दहा मीटरवर मार तीन मिलिमीटर हलवायचाय. चकती ०.२२५ मिलिमीटर सरकवावी लागेल. पुढे नळीला जोड लावून दोन साईटमधलं अंतर ९० केलं तर ०.२७. जोड लावणाऱ्या मुलींनी म्हणूनच क्लिकचा जुना तक्ता फाडून नवा करावा.